बारावा महिना

घर भाड्याने मागायला गेलो तेव्हा बाईंनी मला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं.

त्याआधी भुकूममध्ये मी बरीच घरं पाहिली होती. घरमालक काय विचारतात याचा मला अंदाज आला होता. गाव कुठलं, नोकरी कुठली, मटण-मासे खाता का, पाहुणे किती येतात. आडनावावरून जे कळत नाही ते आडून आडून विचारतात. बाईंनी यातलं काहीच विचारलं नाही. चाळिशी उलटलेला, कारखान्याच्या हिशेब खात्यात काम करणारा मी दुसऱ्याच्या व्हरांड्यात चालत होतो आणि बायको तोंडावर ओढणी धरून उभी होती.

"पाय घासत नाही," बाई म्हणाल्या. "शिटी वाजवता?"

"नाही."

"शिंक मोठी येते?"

"मध्यम," मी म्हणालो.

नेमकं उत्तर दिलेलं त्यांना आवडलं असावं. घर मिळालं.

त्या माध्यमिक शाळेतून विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. भुकूमपासून पार मुठ्यापर्यंत त्यांचे विद्यार्थी पसरलेले असल्यामुळे सगळा परिसर त्यांना बाईच म्हणायचा. सासरच्या जमिनीवर त्यांनी एक साधी दुमजली इमारत बांधली होती. तळमजल्यावर तळ्याकडे तोंड केलेली दोन घरं, एकात बाई, एकात आम्ही. वर मागच्या बाजूला, रस्त्याकडे, तीन खोल्या. त्या वर्षातले अकरा महिने रिकाम्या असत. जमीन उतरत उतरत तळ्यात शिरायची, आणि जिथे पाणी सुरू व्हायचं तिथे माणसापेक्षा उंच पाणकणीस दाट माजलेलं होतं. त्या बेटात पक्षी राहत. बाईंच्या मते त्या जागेचे खरे रहिवासी तेच. आम्हाला त्या पाहुणे म्हणायच्या.

ते पहिल्याच हिवाळ्यात आमच्या लक्षात आलं. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत तळ्याकडच्या दोरीवर पांढरा, लाल किंवा पिवळा कपडा वाळत घालायचा नाही. बदकं बिचकतात. मातकट, खाकी, शेवाळी रंग चालतील. दोन वर्षांत आमच्या घरातले कपडे हळूहळू त्याच रंगांचे झाले. दिवाळीत माहेरी गेलेल्या बायकोला तिच्या काकूने विचारलं, "जावईबापू सैन्यात लागले काय गं?"

कुकरलाही बंदी होती. "डाळ शिजायला वेळ लागतो, शिटी लागत नाही," असं बाई म्हणत. त्यावर बायकोकडे उत्तर होतं, पण ते तिने मला दिलं, बाईंना नाही.

पक्ष्यांबद्दल त्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहावा तसं बोलत. हिवाळ्यात थापट्या बदकं उतरली की, "येतात वेळेवर, पण चोच सदा चिखलात. टापटीप नाही." चक्रवाकांची जोडी आली की, "वर्गात बोलतात." काळे, कपाळावर पांढरा ठिपका असलेले पाणपक्षी पाण्यात एकमेकांच्या अंगावर धावून जात, तेव्हा, "यांच्या पालकांना बोलवायला हवं." उन्हाळ्यात पाणी मागे सरे, चिखलाला भेगा पडत, पाणकणीस तांबूस होऊन वाऱ्यावर कापूस सोडी. मग एकटा खंड्या तारेवर बसून तोच सूर पुन्हा पुन्हा मारत राही. "हुशार आहे. पण सगळा भर पाठांतरावर."

एकाच पक्ष्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. जांभळी पाणकोंबडी. कोंबडीएवढी, निळी-जांभळी, कपाळ आणि चोच लालभडक, बोटं लांबच लांब. पाणकणसाचा कोंब एका पायात धरून ऊस खाल्ल्यासारखा सोलून खाते. बाईंना ती आपल्या काठाला घरटं करायला हवी होती. आडगावच्या शाळेला एक तरी मुलगी बोर्डात यावी असं वाटतं, तशी ती इच्छा होती.

शनिवारी-रविवारी पौड रस्त्याने हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन माणसं येत. बाई फाटकात उभ्या.

"आज सुटी आहे."

"मॅम, पक्ष्यांना कसली सुटी?"

"तुम्हाला आहे म्हणून आलात ना? मग त्यांना का नको?"

शेजारच्या हौसाबाईंच्या शेळ्यांना मात्र पार पाण्यापर्यंत मोकळीक होती. "बघणाऱ्यापेक्षा चरणारा बरा," असं बाईंचं मत होतं. हौसाबाई हसायच्या. "बाई लई शिकल्या, म्हनून असं हाय," असं त्यांनी मला एकदा खासगीत सांगितलं.

आता बाराव्या महिन्याबद्दल. घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो हे पुण्याच्या आसपास कुणालाही सांगावं लागत नाही. बाराव्या महिन्यात दुसरा कागद होतो आणि माणसं जागची हलत नाहीत. बाईंनी मात्र करार वाचला होता. तो पंधरा जुलैला संपायचा. पंधरा ऑगस्टला नवा सुरू व्हायचा. मधला महिना पाणकोंबडीच्या विणीचा, आणि त्या महिन्यात तळ्याकडच्या बाजूला माणूस नको, हा त्यांचा सिद्धान्त. सगळ्यांनी वरच्या मागच्या खोल्यांत जायचं. त्याचं भाडं नाही. सवलतही कुणाला नाही, स्वतः बाईंनाही नाही. त्याही आपली वळकटी घेऊन लोखंडी जिन्याने वर यायच्या, आणि महिनाभर घरमालकीण व भाडेकरू एकाच न्हाणीघरासमोर टॉवेल घेऊन उभे असायचे. हिमालय ओलांडून येणारी बदकं हजारो किलोमीटर उडतात. आमचं स्थलांतर तळमजल्याच्या पुढच्या दारापासून पहिल्या मजल्याच्या मागच्या दारापर्यंत होतं. स्वातंत्र्यदिनी झेंडावंदन झालं की आम्ही घरी परत.

हे सगळं मी का मान्य केलं, तर वडिलांमुळे. ते अंबाजोगाईकडचे, लाल गाडीवर कंडक्टर होते. उभं राहून राहून गुडघे गेलेले. तळमजल्याचं, एकही पायरी नसलेलं घर त्या भागात दुसरं नव्हतं. बाराव्या महिन्यात ते माझ्या बहिणीकडे अंबाजोगाईला जात. त्यात बाईंचीही सोय होती, कारण वडिलांचा आवाज. आयुष्यभर इंजिनावर मात करून ओरडलेला माणूस. निवृत्तीनंतर इंजिन गेलं, आवाज तेवढाच राहिला. ते बहिणीशी फोनवर बोलत तेव्हा बायको म्हणायची, फोन कशाला लावला, खिडकी उघडली असती तरी चाललं असतं.

पहिली तीन वर्षं आम्ही इमानाने वर गेलो. तिन्ही वर्षं पाणकोंबड्यांनी घरटी केली ती समोरच्या काठाला, एका हॉटेलच्या अंगणाखालच्या पाणकणसात. तिथे आखाडात मटणाच्या पंगती उठत, भजी तळली जात आणि गाण्यांचा आवाज आमच्या भिंतींना कळायचा. आमच्या बाजूचं सरासरी घरटं शून्य येत होतं.

"बाई, पाखरं तिकडं गान्यावर नाचत्यात, आन् तुमी हितं मानसं हाकलताय," हौसाबाई एकदा तोंडावर म्हणाल्या.

"हौसा, तुझी काळी शेळी कुंपणात अडकलीय."

मला त्यांनी निराळं कारण सांगितलं. "त्यांचा अजून आपल्यावर विश्वास बसलेला नाही." मी मान हलवली. तळमजल्याचं घर होतं.

चौथ्या वर्षी जूनच्या अखेरीस वडील न्हाणीघरात घसरले. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, घरी आणलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की ऑगस्टच्या मध्यापर्यंत पाय जमिनीला टेकवायचा नाही. अंबाजोगाईचा प्रवास शक्य नव्हता. लोखंडी जिना इतका उभा की धडधाकट माणसानेही हाताने धरून चढावा. मी भूगावपासून पिरंगुटपर्यंत तळमजल्याची घरं विचारली. एका महिन्यासाठी कुणी घर देत नाही, आणि अकरा महिन्यांसाठी घेतलं तर हे सुटणार. हे सुटलं की वडिलांचं पुढे काय, याचा हिशेब मला जमेना. पंधरा जुलै चार-पाच दिवसांवर आली तेव्हा मी बाईंकडे गेलो. बायकोने जाताना सांगितलं, "नरम बोलू नका. तुम्ही नरम बोललात की कुणाला ऐकूच येत नाही."

बाई गोणपाटाच्या पडद्याला भोक पाडत होत्या. तळ्याकडे बघायचं ते अशा भोकातून, ही त्यांची पद्धत.

"बाई, वडिलांना हलवता येणार नाही."

"करारात काय आहे?"

"करारात आहे ते माहीत आहे. पण खुबा मोडलाय."

"अपवाद केला की नियम उरत नाही." त्यांनी कात्री खाली ठेवली. मग मला विचारलं, "हलतात का?"

"नाही."

"कुशीवर वळतात?"

"आम्ही वळवतो."

"मग ठीक आहे. जे हलत नाही त्याला पक्षी माणूस समजत नाहीत. खांब समजतात. खांबाला करार लागत नाही." त्या उठल्या. "ते राहतील. तुम्ही वर. तुमच्यातलं एक जण मागच्या दाराने, अनवाणी, येऊन त्यांचं करील. आणि आवाज नाही."

"त्यांचा आवाज..."

"मला माहीत आहे त्यांचा आवाज. त्याची व्यवस्था करते."

व्यवस्था म्हणजे पाटी. शाळेतली, लाकडी चौकटीची, आणि पेन्सिलींचा डबा. वडिलांची खाट तळ्याकडच्या खिडकीला लागून होती. खिडकी वीतभर उघडी, त्यावर गोणपाट, गोणपाटाला भोक. महिनाभर बोलायचं नाही, काय हवं ते लिहायचं, हे मी त्यांच्या कानाशी लागून समजावलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी विनातिकीट प्रवाशाकडे बघत असतील. पहिल्या दिवशी पाटीवर आलं, "चहा". दुसऱ्या दिवशी, "चहात साखर". तिसऱ्या दिवशी पाटीभर अक्षरांत, "मी मेलोय का".

पण त्याच आठवड्यात एक गोष्ट घडली. समोरच्या हॉटेलने आपल्या काठाचं पाणकणीस उपटून तिथे लाकडी फळ्यांचा मंच टाकला. विणीच्या तोंडावर बेघर झालेली एक जोडी तळं ओलांडून आमच्याकडे आली आणि वडिलांच्या खिडकीसमोर, गोफणीच्या टप्प्यात, पाणकणीस वाकवून बैठक बांधायला लागली. एरवी भोकाकडे ढुंकूनही न बघणारे वडील दिवसभर डोळा लावून बसू लागले. पाटीवर आलं, "आली".

बाई वर, न्हाणीघराच्या दारात, मला म्हणाल्या, "बघितलंत? शांततेचा परिणाम." पहाटेपासून त्या गच्चीवरच्या गोणपाटाआड बसत. चेहऱ्यावर निकालाच्या दिवसाची कळा.

तो एका सकाळचा प्रसंग. बारीक पाऊस होता. कारखान्याला निघण्यापूर्वी मी अनवाणी खाली येऊन वडिलांना चहा देत होतो. घरट्यात अंडी होती, मादी बसलेली होती. वडिलांनी माझं मनगट धरलं आणि भोकाकडे बोट केलं. मी वाकून पाहिलं. वाकलेल्या पाणकणसावरून एक मुंगूस पोट टेकवत घरट्याकडे सरकत होतं. वडिलांनी पाटी घेतली, पेन्सिल शोधली, ती खाटेखाली पडलेली. मुंगूस आणखी पुढे आलं.

"एऽऽ! कुठं निघालास? तिकीट काढलंस का? उतर! उतर खाली!"

खिडकीचं तावदान थरथरलं. मुंगूस हवेतच वळलं आणि पाण्यात धपकन पडून पळालं. वडिलांचा अडवलेला आवाज मात्र थांबेना. "चला चला, अंबाजोगाईऽ, बर्दापूऽर, रेणापूर फाटाऽ, लातूर, औसाऽ, उजनी, तुळजापूर, सोलापूऽऽर!"

जिना वाजायला लागला. तोपर्यंत बाई त्या जिन्यावरून अनवाणीच ये-जा करत. त्या दिवशी चपला घालून आल्या, आणि मागच्या दाराने नाही, पुढच्या. मी मनात सामान बांधायला लागलो. कपाट कुणाकडे ठेवायचं, हाही विचार करून झाला.

"कंडक्टर!" बाई दारातूनच कडाडल्या. "काय केलंत हे?"

"कामून? ते मुंगूस अंडी खात होतं, मी काय लिहून देऊ त्याला? पाटीवर?"

बाईंनी खाटेवरून वाकून भोकाला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मी त्यांच्या पाठीकडे बघत उभा होतो. पाणकोंबडी घरट्यावर जशीच्या तशी बसलेली होती. नर शेजारी एका पायात कोंब धरून सोलत होता.

बाई सरळ झाल्या.

"पुन्हा ओरडा," त्या म्हणाल्या.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"मोठ्याने. अंबाजोगाईपासून."

वडील ओरडले. पाणकोंबडीने डोळा मिटून उघडला. बाईंनी त्यांना मध्यम आवाजात एकदा, पुन्हा पूर्ण आवाजात एकदा, आणि खिडकी सताड उघडून एकदा ओरडायला लावलं. मग खुर्ची ओढून बसल्या. तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेल्या बाईला आपला सिद्धान्त मोडलेला समजायला वेळ लागला नाही.

"या हॉटेलशेजारी वाढलेल्या पाणकोंबड्या आहेत," त्या म्हणाल्या. "यांना शांततेत भीती वाटत असणार. माणसं गेली की मुंगूस येतं. इतकी वर्षं आपण त्याच्यासाठी घर रिकामं करत होतो."

मी विचारलं, "मग आता आम्ही खाली आलो तर..."

"तुमचा काय उपयोग? तुम्हाला ओरडता येतं?"

येत नव्हतं. आम्ही पंधरा ऑगस्टपर्यंत वरच राहिलो.

वडिलांना मात्र बाईंनी वेळापत्रक लावून दिलं. सकाळची गाडी, दुपारची गाडी, दिवेलागणीची गाडी. थोडा उशीर झाला की वरून आवाज येई, "कंडक्टर, दुपारची लेट झाली!" खालून उत्तर जाई, "पाशिंजर चढायलेत, बाई!" हौसाबाई शेळ्या थांबवून ऐकत. "म्हातारा कुनाला बोलवतुया?" असं त्यांनी विचारलं, आणि मी सोलापूरच्या प्रवाशांना म्हटल्यावर, "हितनं सोलापूरला थेट गाडी सुटली व्हय?" म्हणून हसत गेल्या.

संध्याकाळी बाई वडिलांच्या खाटेशी बसून मार्गाची चौकशी करत. त्या स्वतः सोलापूरपलीकडे कधी गेल्या नव्हत्या. रेणापूर फाट्याला कोण उतरतं, उजनीला चहा बरा मिळतो का, असं विचारत. वडील खुलत. "घंटी मारायच्या आधी मी मागं वळून बघायचो, बाई. स्टॉपवर माणूस ठेवून गाडी हलली, असं माझ्या नोकरीत कधी झालं न्हाई."

"शेरा: उत्तम," बाई म्हणत.

काळ्या लोकरीच्या गोळ्यांसारखी पिल्लं बाहेर आली त्या दिवशी बाईंनी आमच्यासाठी कुकरमध्ये पुलाव केला. शिटीसकट.

पुढच्या वर्षी वडील काठी घेऊन चालत होते, तेव्हा बहिणीने अंबाजोगाईला बोलावलं. "जमायचं न्हाई. माझी ड्यूटी लागलीय," त्यांनी खिडकीतून सांगितलं. मला वाटतं फोनही हातात होता. त्याही वर्षी करार अकरा महिन्यांचाच झाला, त्याही वर्षी आम्ही वर गेलो आणि घरटं खिडकीसमोर झालं.

बाई आता नाहीत. जागा पुतण्याकडे गेली. आम्ही भूगावला तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट आहे. घर घेताना मला कुणी चालून दाखवायला सांगितलं नाही, आणि हे मला खटकलं, हे मी बायकोलाही बोललेलो नाही. लिफ्टची ज्यांना गरज होती ते वडील बाईंच्याही आधी गेले होते, त्या दुसऱ्या विणीनंतरच्या माघात, झोपेत. भेटायला आलेले लोक वय झालं होतं, सुटले, वगैरे म्हणत होते. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "सकाळची गाडी त्यांनी कधी चुकवली नाही."

त्यानंतरच्या पंधरा जुलैला मी न विचारताच खोकी भरली. नियम होता, आणि अपवादाचं कारण उरलं नव्हतं. सोळाला सकाळी पहिलं खोकं घेऊन लोखंडी जिन्याकडे निघालो तर बाई वळकटी काखेत धरून खाली उभ्या.

"कुठे निघालात?"

"वर. बारावा महिना."

"घरटं खिडकीसमोर आहे. कालपासून अंड्यावर बसलीय. सकाळची गाडी कोण सोडणार?"

"बाई, मला ओरडता येत नाही. तुम्हीच म्हणाला होतात."

"शिकवल्याशिवाय कुणालाच काही येत नाही. बायकोला वर पाठवा. खोकं ठेवा."

मी खोकं ठेवलं. वडिलांची खाट आम्ही काढलेली नव्हती. गोणपाटाचा पडदा बाजूला करून खिडकीत उभा राहिलो. समोर पाणकणसात लाल कपाळ दिसत होतं. मी आयुष्यात मोठ्याने काही बोललेलो नव्हतो. लग्नातही मंगलाष्टकांत नुसते ओठ हलवले होते. मी "अंबाजोगाई" म्हणालो.

"मागच्या सीटवर ऐकू आलं नाही," बाई वळकटीवर बसून म्हणाल्या.

मी पुन्हा म्हणालो. मग आणखी एकदा. आणि मग कुठून तरी तो आवाज आला. माझा नव्हता तो, निदान मी ओळखत होतो तो नव्हता. अंबाजोगाईऽ, बर्दापूऽर, रेणापूर फाटाऽ, लातूर, उजनी, तुळजापूर, सोलापूऽऽर! वर बायको जिन्यावर थबकल्याचं ऐकू आलं. कुंपणाकडे शेळ्या थांबल्या. पाणकोंबडीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

मी वळलो. बाईंच्या तोंडून शेरा यायची वाट बघत होतो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"औसा राहिलं," त्या म्हणाल्या. "तिथल्या माणसांनी काय करायचं?"

मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं आणि अंबाजोगाईपासून सुरुवात केली.